वकील कोणता द्यायचा?

वारज्यातल्या माझ्या ऑफिसात पोलीस केसमध्ये अडकलेल्या माणसाचे घरचे येतात, तेव्हा खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारतात, ‘मॅडम, तुमची तिथे ओळख आहे ना?’ तिथे म्हणजे कधी पोलीस ठाण्यात, कधी कोर्टात, कधी थेट साहेबांकडे. रामनगरमधून आलेली, चार घरची धुणीभांडी करणारी आई हे विचारते आणि हायवेलगतच्या सोसायटीतून आलेले निवृत्त अधिकारीही हेच विचारतात. मी त्यांना पाणी देते आणि विचारते, गुन्हा नोंद झालाय का, नंबर काय, कलमं कोणती लावलीत? बहुतेकांना ते माहीत नसतं. पण कोणत्या नगरसेवकाला फोन झाला, कोणाचा मेहुणा खात्यात आहे, हे सगळं पाठ असतं.

शिवाजीनगरच्या जिल्हा व सत्र न्यायालयात मी बरीच वर्षं आरोपींच्या बाजूने उभी राहते आहे. गंभीर गुन्ह्यात घरातल्या माणसाचं नाव आलं, तर वकिलाची ओळख कुणाशी आहे हे बघू नका, तो कागद वाचतो का ते बघा, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ऐकणाऱ्याला ते पटायला वेळ लागतो, कारण त्या क्षणी माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या माणसाला आधार ओळखीचाच वाटतो.

ओळखीवर कुणी फारच अडून बसलं, तर मी लोकमान्यांची गोष्ट सांगते. पुण्यात ती लवकर पोचते. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना अटक झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनासाठी बाजू मांडली ती दिनशा दावर यांनी, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळक पुन्हा राजद्रोहाच्याच आरोपाखाली त्याच न्यायालयात उभे राहिले. या वेळी न्यायासनावर हेच दावर बसलेले होते. जिनांनी टिळकांच्या वतीने केलेला जामीन अर्ज त्यांनी फेटाळला आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा सुनावली. टिळक मंडालेला गेले. न्यायाधीश स्वतः एकेकाळचा तुमचा वकील असावा, यापेक्षा जवळची ओळख कोणती असणार?

हे झालं इतिहासातलं. आजच्या केसमध्ये सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या दिवसात होतं, आणि तोवर वकील ठरलेला नसतो. घरात पाच जण पाच नावं सुचवत असतात. म्हणून मी फोनवरच काही गोष्टी सांगून टाकते, मग ते माझ्याकडे येवोत वा न येवोत. आधी हे विचारा, की अटक झाली आहे की नुसतं चौकशीला बोलावलं आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल, तर एरवी आधी नोटीस देऊन बोलवायचं असतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३५(३) आहे. अटक केली असेल, तर अटकेची कारणं द्यावी लागतात आणि नातेवाइकाला कळवावं लागतं. ही कारणं लेखी हवीत, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत हवीत, हे ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच गुन्ह्यांसाठी सांगितलं. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणातून, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातूनच, तो निकाल निघाला. अगदी जागेवर लेखी देणं शक्य झालं नाही, तरी रिमांडसाठी न्यायाधीशांपुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद आरोपीच्या हातात पडला पाहिजे. रात्री ठाण्यात गेलेल्या भावाला किंवा बापाला एवढं जरी माहीत असलं, तरी तो नुसता हात जोडून उभा राहत नाही, ‘साहेब, अटकेच्या कारणांची प्रत द्या’ असं म्हणू शकतो.

चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं. पूर्ण वेळ शेजारी बसू देत नाहीत, पण भेट नाकारता येत नाही. वकील निवडण्याचा हक्क तर राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदातच आहे, आणि चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे नेण्याची सक्तीही त्याच अनुच्छेदात आहे. रविवार असो, दिवाळी असो, रिमांडसाठी एक कोर्ट चालू असतं. ‘आता सोमवारीच बघू’ असं कुणी वकील म्हणाला, तर दुसरा शोधा.

आणखी एक गोष्ट मी फार कळकळीने सांगते. फिर्यादीच्या घरी जाऊ नका. आईवडिलांना वाटतं, पाया पडू, दवाखान्याचा खर्च देऊ, मिटवून टाकू. मनात वाईट काही नसतं. पण आठवड्याने जामीन अर्जावर सरकार पक्षाचं म्हणणं येतं, ज्याला कोर्टात सगळे ‘से’ म्हणतात, आणि त्यात लिहिलेलं असतं की आरोपीचे नातेवाईक फिर्यादीवर दबाव आणत आहेत. आईने जोडलेले हात कागदावर असे उतरतात. तसंच मोबाईलमधलं काही पुसू नका आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.

रिमांडचं काम बाहेरून किरकोळ दिसतं. पाच-सात मिनिटांत आटोपतं. तिथेच वकिलाची परीक्षा असते. एका प्रकरणात पोलिसांनी दुसऱ्यांदा पोलीस कोठडी मागितली. कारण दिलं होतं, गुन्ह्यात वापरलेलं हत्यार जप्त करायचं आहे. पहिल्या अर्जातही हेच कारण होतं. माझ्या ज्युनियरने दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचले, आणि दुसऱ्याच अर्जाच्या मागच्या पानावर, आतापर्यंतच्या तपासाच्या हकिकतीत, हत्यार जप्त केल्याची ओळ सापडली. न्यायाधीशांना आम्ही ती ओळ दाखवली. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाली नाही, एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाली. त्या पोरीची त्या कोर्टात कुणाशीच ओळख नव्हती, सनद मिळून तिला वर्षही झालं नव्हतं.

दिवस मोजणं हाही वाचनाचाच भाग. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्यावरच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र यावं लागतं. मुदत उलटली की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण तो मागावा लागतो. अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झालं की हक्क संपला. रिमांडचा पहिला दिवस धरून मोजायचं की सोडून, यावरही वर्षानुवर्षं वाद होता. धरून मोजायचं, हे २०२३ मध्ये ठरलं. एका दिवसाने माणूस आत किंवा बाहेर राहतो. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला तर ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून घेता येते आणि जामिनाच्या अटीही कितीतरी कडक होतात. तशा केसमध्ये मोक्काचा अनुभव असलेलाच वकील घ्या, मी स्वतःही लोकांना तसं पाठवलेलं आहे.

आता एका मुलाची केस जरा सविस्तर सांगते, नाव-गाव गाळून. मुलगा एकोणीस वर्षांचा, गॅरेजमध्ये कामाला. रात्री दोन टोळक्यांत भांडण झालं, एकाला लागलं, आणि याच्यासह चौघांवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. पूर्वीचं ३०७, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०९. फिर्यादीत कोयता होता. पुण्यात गेली काही वर्षं कोयता हा शब्द आला की वातावरणच बदलतं, आणि का बदलतं हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. लोक खरोखर घाबरलेले आहेत.

आईने आधी एक वकील दिला होता. त्याहीआधी ठाण्याबाहेरच्या टपरीवर भेटलेल्या एका माणसाला, ‘मी सगळं मॅनेज करतो’ या शब्दावर, बचत गटातून उचललेले पैसे दिले होते. तो माणूस परत दिसला नाही. माझ्याकडे ती आली तोवर दोषारोपपत्र दाखल झालं होतं. त्याच्या नकला आरोपीला फुकट मिळतात, तशा मिळाल्याही होत्या, आणि त्या घरात कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या होत्या. गाठ कुणी सोडलीच नव्हती.

तो गठ्ठा मी रात्री घेऊन बसले. फौजदारी वकिलाचं खरं काम मला विचाराल तर हेच आहे. फिर्याद वाचायची, मग घटनास्थळाचा पंचनामा, मग जबाब एकेक करून, मग जप्तीचे पंचनामे, मग दवाखान्याचे कागद, आणि परत फिर्याद. वेळा एका कागदावर मांडायच्या. कोण कुठे उभा होता त्याचं कच्चं चित्र काढायचं. फिर्यादीत म्हटलं होतं की याने कोयत्याने डोक्यात वार केला. जप्ती पंचनाम्यात कोयत्याचं पातं, मूठ, लांबी सगळं मोजून लिहिलेलं, धारदार असा उल्लेख. आणि बऱ्याच पानांनंतर दवाखान्याचं जखमेचं प्रमाणपत्र होतं. डाव्या भुवईच्या वर जखम, स्वरूप साधं. हत्याराचा प्रकार लिहायच्या रकान्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं, कठीण व बोथट वस्तू. शेजारी जखमीने दवाखान्यात सांगितलेली हकिकत होती: अनोळखी इसमांनी मारहाण केली. फिर्याद त्यानंतर काही तासांनी नोंदवलेली, आणि तिच्यात चौघांची नावं आडनावांसकट होती.

जामीन अर्ज या दोन ओळींवर उभा राहिला. सरकारी वकिलांनी कडाडून विरोध केला. खुनाच्या प्रयत्नाला जखम झालीच पाहिजे असं नाही, हेतू महत्त्वाचा, असं त्यांनी मांडलं, आणि कायदा म्हणून ते अगदी बरोबर आहे. पण हेतू ज्या हत्यारावरून आणि ज्या वारावरून काढायचा, त्याबद्दलच दवाखान्याचा कागद वेगळं बोलत होता. सत्र न्यायालयाने अटी घालून जामीन दिला: दर सोमवारी ठाण्यात हजेरी, साक्षीदारांना भेटायचं नाही, पुणे जिल्हा सोडायचा नाही. त्यानंतरही मुलगा लगेच सुटला नाही. जामीनदार मिळेना. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईच्या ओळखीत घराची टॅक्स पावती किंवा सातबारा असलेला माणूस कुठून येणार? आम्ही तात्पुरता रोख जामीन भरायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि मग तो येरवड्यातून बाहेर आला. जामीन मंजूर होणं आणि माणूस घरी येणं यात इतकं अंतर असतं. चांगला वकील अर्ज मंजूर झाला की थांबत नाही, जामीनदाराच्या कागदांपर्यंत येतो.

पैशांविषयी स्पष्ट बोलायला हवं, कारण तिथे लोक सर्वांत जास्त नाडले जातात. फी किती असावी याचं कोष्टक नाही. मात्र ती कशाची, हे विचारा आणि लिहून घ्या. रिमांडची, जामिनाची, की अख्ख्या खटल्याची? उच्च न्यायालयात जावं लागलं तर वेगळी का? कोर्टात उभे तुम्ही राहणार की ज्युनियर? ज्युनियर उभा राहण्यात वावगं काही नाही, त्याने फाईल वाचलेली असावी एवढंच. निकालावर फी ठरवणं, ‘सुटला तर इतके’ असं बोलणं, बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आणि ‘शंभर टक्के जामीन करून देतो’ म्हणणाऱ्यासमोरून सरळ उठून या. निकाल न्यायाधीश देतात, वकिलाच्या खिशात तो नसतो. साहेबांसाठी म्हणून कुणी वेगळे पैसे मागत असेल, तर तो तुम्हाला दुसऱ्या गुन्ह्यात ओढतोय.

वकील बदलता येतो. पुष्कळ घरांना हे माहीत नसतं, किंवा लाज वाटते. पहिल्या वकिलाची नाहरकत घ्यायची पद्धत आहे, ती सभ्यपणे मागावी. त्याची फी थकली असेल तर ती वसूल करायला त्याला वेगळे मार्ग आहेत. त्यासाठी केसचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगून ठेवलं आहे. कागद पक्षकाराचे असतात.

मुंबईचा मोठा वकील द्यावा का, हेही हमखास विचारतात. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही, आपल्याला उच्च न्यायालयासाठी मुंबईच गाठावी लागते. काही प्रकरणांत ते लागतंच. मात्र उच्च न्यायालयातले नामांकित वकीलही तोच गठ्ठा वाचून बोलतात, जो इथे शिवाजीनगरला तयार होतो. साक्षीदाराला इथे विचारायचा प्रश्न राहून गेला, तर वर कितीही फी मोजली तरी तो विचारता येत नाही. दागिने गहाण टाकून एका तारखेसाठी मोठं नाव आणणाऱ्या घरांना मी हे समजावते. काही ऐकतात.

आणि ज्यांच्याकडे गहाण टाकायलाही काही नाही, त्यांचं काय? याचं उत्तरही महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने देशाला दिलं आहे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. विद्यापीठाच्या खोट्या पदवीपत्रांच्या प्रयत्नाचा आरोप होता. सत्र न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षं केली. होसकोट सर्वोच्च न्यायालयात पोचले, तोवर शिक्षा भोगून झाली होती. उच्च न्यायालयाने निकालाची प्रत तुरुंगाकडे पाठवली होती, ती त्यांना मिळाल्याची पोच कुठेच नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेवर मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर वकीलही सरकारने दिला पाहिजे. पाच वर्षांनी, १९८३ मध्ये, पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला आणि अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवण्याचा आदेश निघाला. एका कैद्याला न मिळालेला कागद आणि एका पत्रकाराने लिहिलेलं पत्र, यातून एवढं उभं राहिलं, याचं मला आजही मोल वाटतं.

आज विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कुणालाही, त्याचं उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांनाही मिळतो. शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याचं लोक अभिरक्षक कार्यालय आहे, आणि तिथले वकील खासगी केसेस घेत नाहीत, पूर्ण वेळ आरोपींचा बचाव एवढंच काम करतात. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १५१०० आहे. तरी वारज्यात मी हे सांगते तेव्हा समोरचा चेहरा पडतो. फुकटचा वकील म्हणजे दुय्यम, हे मनात घट्ट बसलंय. मी त्या कार्यालयातले वकील समोर काम करताना बघते. त्यांच्या हाताखाली रोज रिमांडच्या केसेस जातात, दोषारोपपत्रांचे ढीग जातात. फीच्या ओझ्याखाली घर बुडवून आणलेल्या, पण फाईल न उघडलेल्या वकिलापेक्षा यातला कोणीही मी माझ्या सख्ख्या भावासाठी आनंदाने निवडेन.

शेवटी तो प्रश्न, जो शेजारीपाजारी मला विचारतात, भाजी घेताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये: ‘असल्यांच्या केसेस का घेता?’ ज्या मुलाला कोयता लागला असेल त्याच्या आईचं दुःख मला दिसतं. म्हणूनच खरा आरोपी ठरावा आणि पुराव्याने ठरावा असं मला वाटतं. आरोपी दोषी आहे असं वकिलाला वाटलं तरी त्याने बचाव करायचा असतो, तो आमचा नियमच आहे. कसाबची फाशी २०१२ मध्ये कायम करतानाच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल, हे न्यायाधीशांनी स्वतः सांगायचं. त्या माणसाच्या खटल्यात जे लागू, ते आपल्या गल्लीतल्या मुलाला लागू नसेल का?

मात्र वकिलापुढे खरं बोला. ‘मी तिथे नव्हतोच’ असं आरोपी मला सांगतो, आणि दोन महिन्यांनी मोबाईलचं लोकेशन आणि चौकातल्या कॅमेऱ्याचं फुटेज दोषारोपपत्रात येतं. मग जो बचाव खरा होता, म्हणजे होता तिथे, पण सोडवायला गेला होता, तोही कुणी मानत नाही. तुम्ही वकिलाला सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही. साक्ष अधिनियमाचं ते संरक्षण आहे, फक्त पुढचा गुन्हा करायला सल्ला मागितलात तर ते मिळत नाही. गॅरेजमधल्या त्या मुलाने मला पहिल्याच भेटीत, जेलच्या जाळीपलीकडून, आपण तिथे होतो आणि एकाला ढकललं होतं, हे सांगितलं. त्याच्या खटल्यातल्या साक्षीदारांच्या उलटतपासाची आखणी मी त्यावरच केली आहे. पंच तपासून झाले. पुढच्या तारखेला प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष आहे.